परग्रहावरच्या बंडात कालप्रवासी : कोल्हापुरात पहिला डाव लावणाऱ्यांसाठी

भूमिकांचा खेळ तुम्ही यूट्यूबवर पाहिला असेल. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि 'हे जमेल का?' असा प्रश्न आला की फासे टाकतात. पट नाही, सोंगटी घरी न्यायची नाही, शेवटी कुणी जिंकत नाही. अमेरिकेत १९७४ पासून असे खेळ छापून विकले जातात. त्यांची इंग्रजी पुस्तकं जाड असतात, महागही असतात, आणि बरेच जण तिथेच थांबतात. पुस्तकाविना, मराठीत, घरच्या घरी डाव लावायचा असेल तर पुढे वाचा.

इथे कथानक एकच घेतलंय. परक्यांनी ताब्यात घेतलेला एक ग्रह, तिथे चाललेला भूमिगत लढा, आणि त्यात सामील व्हायला निघालेले कालप्रवासी. नवख्यांना हे ऐकताच आवडतं, आणि बहुतेक वेळा पहिल्या तासातच त्याचा विचका होतो, कारण सगळे थेट बंदुकीवर जातात. माझं मत असं की या खेळात गोळीबार दुय्यम. दार ठोठावल्यावर ते कुणी उघडतं का, हा खरा डाव. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

१. माणसं जमवा

खेळणारे चार आणि सूत्रधार एक. सूत्रधार म्हणजे प्रसंग सांगणारा, अर्थात तुम्ही. सहावा आला की दोघांचे मोबाईल बाहेर निघतात.

तालमीतला दोस्त, कॉलेजची मैत्रीण, मामेभाऊ, कुणीही चालेल. फक्त एक जण असा घ्या, ज्याने विज्ञानकथेचं पानही उलटलेलं नाही. "ते तिकडं खात्यात काय?" असले प्रश्न तोच विचारतो आणि ग्रह खरा वाटायला लागतो. "हे इंग्रजीतलं फॅड आपल्याला काय झेपत नाही" म्हणणारा भेटला, तर त्याला सांगा की मराठीत विज्ञानकथा रुजवणाऱ्यांपैकी जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली याच गावात झाला.

बसण्याआधी एक काम नक्की करा. ताबा म्हटलं की चौकशी, छळ, घरच्यांची ताटातूट हे विषय येणार. प्रत्येकाला चिठ्ठी द्या, 'काय नको' ते लिहून घ्या, नाव न लिहिता. चिठ्ठीत जे आलं ते डावात आणायचं नाही आणि त्यावर चर्चाही करायची नाही.

२. जागा आणि वेळ

रंकाळ्यावर बसूया, असं कुणीतरी म्हणणारच. नको. संध्याकाळच्या वाऱ्यात कागद भेळवाल्यापर्यंत जातात. मिसळीच्या हॉटेलातही नको, रविवारी सकाळी तर तुमच्या खुर्चीमागे पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. गच्ची दिवाळीनंतर ठीक, पावसाळ्यात विसरा. मंडळाची खोली मिळाली तर उत्तम, पण गणपतीच्या आधी ती मागायला जाऊ नका. नवरात्रात पेठांमधलं घर टाळा, दर्शनाच्या गर्दीत गाडी लावायलाही जागा मिळत नाही.

थोडक्यात, कुणाच्या तरी घरचा हॉल, रविवारी दुपारी दोन ते पाच. इचलकरंजी, कागल, गडहिंग्लजकडून येणारं कुणी असेल तर वेळ पुढे ढकलू नका. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असताना रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि त्यातल्या कितीतरींना मागे दिवा नसतो.

३. साहित्य

- सहा बाजूंचे दोन फासे. लुडोतले चालतात. वीस बाजूंचे वगैरे ऑनलाइन मिळतात, पहिल्या डावाला त्यांची गरज नाही.
- पोस्टकार्डाएवढे जाड कागद. जुन्या लग्नपत्रिका एका बाजूने कोऱ्या असतात, त्या कापून घ्या.
- पेन्सिली आणि खोडरबर. पेन नको, आकडे सारखे बदलतात.
- कॅरमच्या नऊ काळ्या सोंगट्या आणि राणी. कशाला, ते पुढे येईल.
- सूत्रधाराची एक वही.
- कोरडं खाणं. तांबडा-पांढरा रस्सा डाव संपल्यावर.

४. कालप्रवासाचा नियम आधी ठरवा

इथे गडबड झाली तर पुढचा सगळा वेळ भांडणात जातो. तीन मार्ग आहेत.

पहिला : भूतकाळात जाता येतं, पण तिथे जे कराल ते आधीच घडून गेलेलं आहे. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांच्या नावाने ही कल्पना ओळखली जाते. आजोबांना मारायला गेलेल्या नातवाचा नेम चुकतो, कारण नातू जिवंत आहे. गोष्टीसाठी छान, पण सूत्रधाराला प्रत्येक धागा मागे-पुढे जुळवत बसावं लागतं.

दुसरा : प्रत्येक बदलाने नवी शाखा फुटते. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली पुंजभौतिकीसाठी (क्वांटम फिजिक्स) मांडलेल्या कल्पनेवरून हे घेतलं जातं. यात धोका असा की हरलं की खेळणारे म्हणतात, "परत मागं जाऊ." मग कशालाच किंमत उरत नाही.

तिसरा : फक्त पुढे जाता येतं. नवख्यांनी हाच घ्यावा, कारण हा खरोखर होतो. वेगात जाणाऱ्याचं घड्याळ मंद चालतं. तुमच्या मोबाईलला नकाशा दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं वेगामुळे रोज सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि वर गुरुत्व कमी असल्याने सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही तफावत दुरुस्त केली नाही तर नकाशा चुकेल. वेग प्रकाशाच्या जवळ नेला की फरक प्रचंड होतो. प्रकाशवेगाच्या ८६.६ टक्के वेगाला यानातल्या एका वर्षात बाहेर दोन वर्षं जातात, ९९ टक्क्यांना सात, ९९.५ टक्क्यांना दहा.

आता याचं कथानक करा. तुमची चार पात्रं या ग्रहावर आधी राहून गेलेली आहेत, ग्रह स्वतंत्र असताना. लोकांच्या घरी जेवली आहेत. मग एका फेरीवर गेली आणि परतली. त्यांचं एक वर्ष गेलं, ग्रहाची सात. मधल्या काळात परके आले. म्हणजे पात्रांना सगळं ओळखीचं वाटतं, पण त्यांची माहिती सात वर्षं शिळी आहे. ज्याला कडेवर घेतलं होतं तो पोरगा आता परक्यांच्या गोदामात हमाली करतो. ज्या मित्राच्या भरवशावर आला, तो त्यांच्याकडे नोकरीला आहे. भविष्यातून येऊन ज्ञान देणारे शहाणे नकोतच. हे उशिरा पोचलेले लोक आहेत.

इंजिनिअरिंगचा एखादा विद्यार्थी हमखास विचारेल की एवढा वेग घेतला कसा. बरोबर आहे त्याचं. पृथ्वीवर जाणवतो तेवढ्याच प्रवेगाने ९९ टक्क्यांपर्यंत पोचायला यानाच्या घड्याळात अडीच वर्षांहून जास्त लागतील. "इंजिनापुरती सूट घेतली आहे" असं सुरुवातीलाच कबूल करा, म्हणजे विषय संपतो.

५. ग्रह : रात्र नसलेली जागा

ग्रह मनाने बनवा, पण एक खरी गोष्ट वापरा. आपल्या सूर्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी, अंतर सुमारे ४.२ प्रकाशवर्षं. तो लालसर, लहान तारा आहे. त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह २०१६ साली सापडला, त्याचं वर्ष जेमतेम ११ दिवसांचं. ताऱ्याच्या इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची दाट शक्यता असते, जशी चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते.

आपला ग्रह असाच धरा. अर्धा कायम उजेडात, अर्धा कायम अंधारात, आणि मध्ये संधिप्रकाशाचा पट्टा. माणसं त्या पट्ट्यात राहतात. आता गंमत बघा. भूमिगत लढा म्हटलं की आपल्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते 'रात्री निघायचं'. इथे रात्र होतच नाही. तारा क्षितिजाला टेकल्यासारखा एकाच जागी उभा. भिंतीची सावली वर्षानुवर्षं हलत नाही. त्या सावलीत पीक येत नाही म्हणून कुणी फिरकत नाही, म्हणून निरोपांची देवाणघेवाण तिथेच होते.

कोल्हापुरात खेळताना एक जण शिवा काशीदची युक्ती काढणारच : एकाला वेश देऊन पालखीत बसवू, बाकीचे निसटू. काढू द्या, बेत चांगलाच आहे. मग शांतपणे आठवण करून द्या की पन्हाळ्याहून महाराज निघाले ते १६६० च्या पावसाळ्यात, रात्री. इथे पाऊस कुठून आणणार आणि रात्र कुठून? खेळणारे पाच मिनिटं डोकं खाजवतील आणि जे काढतील ते तुम्हाला कधीच सुचलं नसतं.

सूर्य हलत नसेल तर वेळ कशावरून कळते? आपल्या ग्रहावर भोंग्यावरून. भोंगा परक्यांचा आहे. पूर्वी गावोगाव वेगळी मोजणी होती, आता कामाच्या पाळ्या भोंगा ठरवतो. लढ्यातले लोक जुनीच मोजणी वापरतात, त्यामुळे "तिसऱ्या दळणाला भेटू" हे परक्यांना कळत नाही. तुमच्या पात्रांना ती मोजणी थोडी आठवते. किती, ते फासे ठरवतील.

शिवाय असे लाल तारे अधूनमधून भडकतात. प्रॉक्झिमाही भडकतो. राणी त्यासाठी आहे. सूत्रधाराने टेबलावर राणी ठेवली की भडका आला, आणि मिळेल त्या तळघरात शिरायचं. तळघरात आधीच कोण बसलंय? परक्यांचा शिपाई. भडका ओसरेपर्यंत दोघांनी एकाच भिंतीला टेकायचं. हा प्रसंग एकदा तरी घडवा.

६. ताबा आणि लढा कसा चालतो

परके कसे दिसतात यावर एका ओळीपेक्षा जास्त लिहू नका. त्यांना काय हवंय ते लिहा. पाणी, मीठ, मजूर, काहीही एक. आणि ते संख्येने थोडे ठेवा. थोड्यांनी पुष्कळांवर राज्य करायचं म्हणजे स्थानिक कारकून लागतो, मुकादम लागतो, परवाना लागतो, खबऱ्या लागतो. आपल्याकडे इंग्रजांनी हेच केलं. खेळातला सगळा ताण या मधल्या माणसांत आहे.

लढ्यासाठी लांब जायला नको. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं. आज सांगली जिल्ह्यात असलेलं कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. लोकांना आठवते ती त्याची सशस्त्र तुफान सेना, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेतून चाललेली सरकारी पगाराची रक्कम तिने काढून घेतली ती कारवाई, आणि फितुरांच्या तळपायावर बसणारी पत्री. पण त्याच लोकांनी गावात न्यायनिवाडे केले, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, कमी खर्चात लग्नं लावली. इंग्रजांचं राज्य असताना लोक आपला तंटा त्यांच्या कोर्टात न नेता यांच्याकडे आणू लागले. सूत्रधाराने यातून उचलायचं ते हे. तुमच्या ग्रहावरचा लढा म्हणजे फक्त गुहेतले बंदूकधारी नकोत. तंटा मिटवणारी म्हातारी, भाकरी पोचवणारी पोरं, परवाना खोटा करणारा कारकून, यांची मिळून ती संघटना आहे.

वहीत पाच माणसं लिहा, प्रत्येकी दोन ओळी : ती काय करते, आणि तिला कशाची भीती वाटते. बास. ग्रहाचा हजार वर्षांचा इतिहास लिहीत बसू नका, तो कुणी ऐकत नाही.

कामगिऱ्या लहान ठेवा. एक निरोप, एक पोतं, एक माणूस इकडून तिकडे. किंवा नुसतं प्रतीक. आज शिवाजी चौकात महाराजांचा पुतळा आहे, तिथे पूर्वी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता आणि स्वातंत्र्यचळवळीतल्या लोकांनी त्याची मोडतोड केली. ग्रहावरच्या चौकातला परक्यांचा खांब पाडणं हा तीन तासांचा भरगच्च डाव होतो.

७. पात्रं आणि फासे

प्रत्येकाच्या कार्डावर नाव, मागच्या वेळी ग्रहावर तो काय काम करत होता, आणि ग्रहावरच्या एका माणसाशी असलेलं नातं. नातं लिहिल्याशिवाय कार्ड स्वीकारू नका. मग चार गुण : बळ, चपळाई, अक्कल, माया. त्यांना अधिक दोन, अधिक एक, शून्य आणि उणे एक हे आकडे आपल्या मर्जीने वाटायचे. नवखे मायेला उणे एक देतात आणि पहिल्याच दारात अडतात. देऊ द्या.

दोन फासे टाका, बेरजेत गुण मिळवा. दहा किंवा जास्त : जमलं. सात ते नऊ : जमलं, पण काहीतरी मोजावं लागलं. सहा किंवा कमी : फसलं आणि गोष्टीला वळण लागलं.

दोन फाशांच्या ३६ शक्यता आहेत. गुण शून्य असेल तर ६ वेळा पूर्ण जमतं, १५ वेळा किंमत मोजून, १५ वेळा फसतं. अधिक एक असेल तर हेच १०, १६, १०. म्हणजे सर्वांत जास्त वेळा 'जमलं पण' घडतं, आणि भूमिगत कामाला तेच शोभतं. किंमत काय, हे सुचत नसेल तर एक काळी सोंगटी टेबलावर ठेवा. ती संशयाची. नऊ जमल्या की परके गावावर धाड घालतात. सातवी पडली की टेबलावरचे आवाज आपोआप खाली येतात. कुणाच्याही हाताबाहेर नसलेल्या साध्या गोष्टीला मात्र फासे टाकायला लावू नका. दार उघडायला फासे नकोत, दारामागच्या माणसाला हवेत.

८. पहिला प्रसंग

पात्रं गावाच्या कडेला, सावलीच्या भिंतीपाशी उभी आहेत. समोर ओळखीचं घर. एवढं सांगा आणि थांबा. पुढचं साधारण असं होतं :

"मी दार वाजवतो."

"एक बाई दार फटीएवढं उघडते. तुला ओळखते. आत घेत नाही."

"तिला सांगतो, आम्ही तुमच्याच बाजूनं हाय."

"ती म्हणते, सात वर्षं कुठं होता?"

इथे खेळणारा तुमच्याकडे बघेल. तुम्ही काही बोलू नका. "आमचं एकच वर्ष झालं" हे खरं उत्तर आहे आणि ते या दारात सर्वांत वाईट उत्तर आहे. कुणी खोटं बोलेल, कुणी माफी मागेल, कुणी विचारेल की तुझा धाकटा कुठं आहे. मग माया या गुणावर फासे. सात ते नऊ आले तर ती एकालाच आत घेते, बाकीच्यांनी सावलीत थांबायचं. सहा किंवा कमी आले तर दार बंद होतं, पण पलीकडच्या घरातून कुणीतरी पाहिलेलं असतं. सोंगटी ठेवा.

विश्वास मिळवायला बाई काम सांगेल. ते मोठं नको. "हे पीठ टेकडीपलीकडं पोचवा, कुणाला ते विचारू नका." पिठात काय आहे हे पात्रांनी उघडून बघायचं की नाही, इथेच अर्धा तास जातो, आणि तो चांगला जातो.

९. नवख्या सूत्रधाराला नडणाऱ्या गोष्टी

शस्त्रागार शोधणारा खेळाडू. त्याला नाही म्हणू नका, बंदूक द्या. गोळ्या तीन. प्रत्येक गोळीच्या आवाजाला एक सोंगटी. तो आपोआप हिशोबी होतो.

सगळ्यांना वाचवायला आलेला नायक. गावकरी त्याचं ऐकतील, पण निर्णय त्यांचा राहू द्या. लढा त्यांचा आहे, इतकी वर्षं ते लढलेत.

बोलीची मस्करी. गावकरी कोल्हापुरी बोलणार आणि परक्यांचा अधिकारी पुणेरी, हे कुणालाही सुचतं आणि दहा मिनिटं नाद खुळा हसू येतं. नंतर त्या अधिकाऱ्याची भीती कुणाला वाटत नाही. परक्यांना कमी बोलू द्या. हुकूम कारकुनाच्या तोंडून येऊ दे.

टोळी फुटणं. दोघे टेकडीवर, दोघे गावात गेले की अर्धं टेबल रिकामं बसतं. पाच-पाच मिनिटांनी बाजू बदला, आणि बदल करताना गोष्ट नेमकी अडल्या जागी तोडा.

नियमावरून वाद. तुम्ही जागेवर निर्णय द्या, वहीत लिहा, डाव संपल्यावर बोला. तुमचा निर्णय चुकीचा असला तरी खेळ थांबण्यापेक्षा बरा.

१०. डाव संपल्यावर

पावणेपाचला थांबा, प्रसंग अर्धवट राहिला तरी. प्रत्येकाला एकच विचारा : तुझं पात्र आता कुणावर विश्वास ठेवतं? उत्तरं वहीत. कार्डं सगळ्यांची गोळा करून तुमच्याकडेच ठेवा, घरी नेलेली परत येत नाहीत. टेबलावर किती सोंगट्या होत्या ते लिहा, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात. पुढची तारीख तिथेच ठरवा, ग्रुपवर ठरवायला गेलात तर ठरत नाही. आणि कागलवाल्यांना सहाच्या आत निघू द्या.